विकिपीडिया कार्यशाळा: ‘प्रकाशित करा’च्या पुढचेही शिकवा

मा. संपादक,
स. न.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की महाविद्यालयांतून, ग्रंथालयांतून मराठी विकिपीडिया लेखनाच्या कार्यशाळा भरतात. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यांच्या बातमीतले शेवटचे वाक्य बहुधा एकाच साच्यातले असते: अमुक विद्यार्थ्यांनी तमुक नवे लेख लिहिले. आठवड्याभराने त्या लेखांचे काय झाले, हे कोणी विचारायला जात नाही. त्यांतले बरेच काढलेले असतात, काहींवर दुरुस्तीच्या पाट्या लागलेल्या असतात आणि लिहिणारा पुन्हा तिकडे फिरकलेला नसतो. यात दोष त्या विद्यार्थ्याचा कमी आणि त्याला जे सांगितले गेले नाही त्याचा जास्त आहे. कार्यशाळेत बटणे शिकवतात; ‘प्रकाशित करा’ दाबल्यानंतर काय होते, ते शिकवत नाहीत.

सुरुवात खात्यापासून. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या वायफायवर चाळीस मुले एकदम बसली की सातव्याला नकार मिळतो, पहिला तास त्यातच जातो आणि मग एकाच खात्यावरून दहा जण लिहू लागतात. खाते एका माणसाचे असते, ते वाटून घ्यायचे नसते. त्यामुळे मुलांनी दोन-चार दिवस आधी घरूनच खाते उघडावे, किंवा आयोजकांनी ही मर्यादा त्या दिवसापुरती उठवण्याची विनंती आधीच करून ठेवावी. खात्याला ईमेल जोडलाच पाहिजे. तो नसेल आणि पासवर्ड विसरला, तर खाते परत मिळवण्याची सोय नाही. नाव देवनागरीत चालते, टोपणनावही चालते. संस्थेचे किंवा दुकानाचे नाव मात्र घेऊ नये, तो जाहिरातीचा प्रकार समजला जातो.

आता अपेक्षांकडे वळू. मराठी वाचकाच्या मनात कोश म्हणजे वाईहून निघालेला विश्वकोश: १९७६ साली पहिला खंड, संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, तज्ज्ञांनी लिहिलेल्या नोंदी आणि नोंदीखाली लेखकाचे नाव. २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियावर यातले काहीच नाही. लेखाखाली नाव येत नाही. लेख एकाचा राहत नाही. दुसरा येऊन परिच्छेद खालीवर करतो, तिसरा शुद्धलेखन सुधारतो, चौथा संदर्भ मागतो. कोणी काय केले ते ‘इतिहास पहा’ या पानावर तारीख-वेळेसह राहते, श्रेय तेवढेच. मानधन नाही. प्राध्यापकांना आणखी एक गोष्ट खटकते. वर्गात ‘सर’ म्हणवून घ्यायची सवय असते आणि इथे विशीतला एखादा मुलगा त्यांच्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असे लिहून जातो. त्याला लेखकाची पदवी दिसत नाही, दिसली तरी तिचा उपयोग नाही. विषयात तीस वर्षे घालवलेल्या माणसालाही छापील आधार द्यावा लागतो, आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन तर इथे मांडताच येत नाही. हे ज्यांना पटत नाही त्यांनी लेख जरूर लिहावा, पण नियतकालिकात.

लेख काढला जाण्याचे सर्वांत मोठे कारण उतारा. संकेतस्थळावरून, वर्तमानपत्रातून किंवा पाठ्यपुस्तकातून उचललेला मजकूर प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग म्हणून जातो. ‘खाली स्रोताचे नाव दिले आहे’ हा बचाव नाही. स्रोत देणे वेगळे आणि मजकूर उचलणे वेगळे. माहिती घ्यावी, वाक्ये आपली लिहावीत. पुष्कळांना आश्चर्य वाटते ते याचे, की स्वतःच्या पुस्तकातला उताराही तसाच टाकता येत नाही. एक तर पडद्यामागचा माणूस खरेच लेखक आहे की नाही, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यासाठी ईमेलने रीतसर परवानगी नोंदवावी लागते. दुसरे असे, की विकिपीडियावर आलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो. तो कोणीही, अगदी विक्रीच्या पुस्तकातसुद्धा, श्रेय आणि तोच परवाना देऊन वापरू शकतो. आपला प्रकाशक याला तयार आहे का, हे आधी विचारून घ्यावे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. पण असे संपूर्ण साहित्य विकिपीडियावर नव्हे, विकिस्रोत या तिच्या ग्रंथसंग्रहाच्या भावंड प्रकल्पावर चढवायचे असते. छायाचित्रेही अशी उचलता येत नाहीत. गूगलवर सापडलेले चित्र ‘माझे स्वतःचे’ म्हणून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्यावर, चढवले तर ते काढले जाते आणि खात्याच्या चर्चा पानावर ताकीद येते.

दुसरे कारण आपुलकी. कार्यशाळेतला पहिला लेख हमखास आपल्या महाविद्यालयावर, प्राचार्यांवर किंवा ओळखीतल्या कवीवर निघतो. इथे प्रश्न येतो उल्लेखनीयतेचा. ज्याच्यावर लेख आहे त्याच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहिलेले असावे लागते. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, स्मरणिका, निमंत्रणपत्रिका आणि सत्काराच्या दोन ओळींच्या बातम्या यात धरत नाहीत. पैसे घेऊन कोणासाठी लिहीत असाल तर ते जाहीर करणे २०१४ पासून बंधनकारक आहे. नेत्यांची आणि कलाकारांची कामे करणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भाषेतही सुप्रसिद्ध, आदरणीय, निसर्गरम्य, नामवंत ही विशेषणे आली की लेख तिथेच संशयात येतो.

यंत्राने केलेल्या भाषांतराबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजी लेख यंत्रात घालून निघालेले मराठी जसेच्या तसे चिकटवलेले पान वाचणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत ओळखू येते.

मग नव्या माणसाने पहिल्या महिन्यात करावे तरी काय? नवा लेख लिहू नये, एवढेच आधी सांगू. असलेल्या लेखांत करण्यासारखे अमाप काम पडले आहे. गावांचे लेख उघडून पाहा. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे तयार असतात आणि त्यांखाली बहुधा काहीच नसते. आपल्या तालुक्यातले एक गाव घ्यावे. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. ‘अ’ भागात गावातल्या सोयी आहेत, ‘ब’ भागात लोकसंख्या. आधी गाव तेच आहे ना, हे पाहावे. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल नेहमीची आहे, आणि वडगाव, पिंपळगाव एकाच जिल्ह्यात कितीतरी असतात. म्हणून गावाचा सहा आकडी जनगणना संकेतांक जुळवून मगच आकडे उतरवावेत. क्षेत्रफळ पुस्तिकेत हेक्टरमध्ये असते आणि लेखाच्या चौकटीत चौरस किलोमीटरमध्ये भरायचे असते. शंभराने भागायचे राहिले की ८४२ हेक्टरांचे गाव ८४२ चौरस किलोमीटरांचे होते, म्हणजे मुंबईपेक्षा मोठे! साक्षरतेचा घोळ जास्त सूक्ष्म आहे. पुस्तिकेत साक्षरांची संख्या असते, टक्केवारी नसते, आणि टक्केवारी काढताना शून्य ते सहा वर्षांची मुले वगळायची असतात. समजा लोकसंख्या २,४०० आहे, त्यात सहा वर्षांपर्यंतची मुले ३०० आणि साक्षर १,५७५. मग भागायचे २,१०० ने, उत्तर ७५ टक्के. एकूण लोकसंख्येने भागले तर ६५.६ टक्के येतात आणि गाव विनाकारण मागे पडते. आकड्याला लागून लगेच संदर्भ जोडावा: पुस्तिकेचे नाव, जिल्हा, वर्ष, पृष्ठ. संदर्भात दुवा असेल तर नव्या सदस्याला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारी चौकट समोर येते. ती चूक नव्हे, जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांना अडवण्याची सोय आहे.

दुसरे सोपे काम दुव्यांचे. मराठीत नावाला प्रत्यय लागला की रूप बदलते. ‘पुण्यात’ हा शब्द निवडून थेट दुवा केला तर तो लाल दिसतो, कारण ‘पुण्यात’ नावाचे पानच नाही. दुवा ‘पुणे’ या पानाला द्यायचा आणि दिसणारा शब्द ‘पुण्यात’ ठेवायचा. स्रोत संपादनात, म्हणजे मूळ चिन्हांसह लिहिण्याच्या पद्धतीत, दुहेरी चौकटी कंसात आधी पानाचे नाव, मग उभी रेघ, मग दिसायचा शब्द, असे ते लिहितात.

टंकलेखनाची एक खोच इथेच सांगून टाकतो. संगणकावर संपादनाच्या चौकटीत कंट्रोल आणि एम एकत्र दाबले की मराठी कळफलक सुरू होतो, अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट, सोयीचा तो निवडावा. पण ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे उमटते. २००८ साली युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र अशी जोडणी करत, आणि काही कळफलक अजूनही तीच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारा लेख आधीच असूनही पानाचे नाव जुळत नाही आणि नवखा तोच लेख दुसऱ्यांदा तयार करतो. ‘ऱ्या’चेही तसेच. नवे पान करण्याआधी इंग्रजी विकिपीडियावर तो विषय उघडून भाषांच्या यादीत मराठी आहे का, ते पाहणे हा यावरचा बरा उपाय.

तरीही कोणीतरी आपला बदल उलटवणारच, म्हणजे तो काढून आधीचा मजकूर परत आणणारच. तेव्हा लगेच तो पुन्हा चढवू नये. इतिहासाच्या पानावर उलटवणाऱ्याने लिहिलेला सारांश, म्हणजे बदलासोबतची छोटी टीप, वाचावा. तो कोरा असेल तर लेखाच्या चर्चा पानावर नेमका मुद्दा आणि आपला संदर्भ मांडून विचारावे. जुन्या पद्धतीने, म्हणजे स्रोत संपादनात, लिहिताना शेवटी चार नागमोडी चिन्हे टाकावीत, त्यांची सही होते. तीन-चार दिवस थांबावे. मराठी विकिपीडियावर नियमित फिरकणारे प्रचालक, म्हणजे पाने काढण्याचे जादा अधिकार असलेले सदस्य, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि सगळे नोकरीधंदा सांभाळून येतात. फेसबुकसारखे मिनिटात उत्तर मिळत नाही. तरीही काही हालचाल नसेल तर चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जावे. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की खाते गोठू शकते. मराठीत वाद तिथवर नेण्यात शहाणपण नाही. बाजू भक्कम दिसावी म्हणून दुसरे खाते उघडणे तर सर्वांत वाईट. ते उघडकीला येते आणि मग खऱ्या मुद्द्याकडेही कोणी पाहत नाही. चर्चा पानावर येणारे कोरडे संदेश हे आधीच लिहून ठेवलेले साचे असतात, काही तर सांगकामे म्हणजे स्वयंचलित खाती टाकतात. त्यांत राग शोधू नये. पान काढले गेले तरी त्यातला मजकूर प्रचालकांना दिसतो. प्रताधिकाराचा भंग नसेल तर सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे त्याच्या सरावाच्या पानावर, तो आणून देण्याची विनंती करता येते. मुळात पहिला मजकूर धूळपाटीवरच लिहिला असता तर ही वेळ आली नसती.

जुन्या मंडळींचेही चुकते. पान तयार होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच पान काढण्याची मागणी करणारा ‘पानकाढा’ साचा लावणे आणि सारांशाची जागा कोरी सोडून उलटवणे, या दोन सवयींनी जितकी माणसे परत गेली तितकी कोणत्याही नियमाने गेली नसतील. उतारा किंवा बदनामी असेल तर क्षणाचाही विलंब नको. बाकी पानांना दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?

कार्यशाळा भरवणाऱ्यांना आमची सूचना अशी, की एका दिवसात सहा तास घेण्याऐवजी दोन-दोन तासांच्या तीन बैठका पंधरा दिवसांच्या अंतराने घ्याव्यात. दुसऱ्या बैठकीत फक्त पहिल्या बैठकीतल्या बदलांचे इतिहास उघडून बसावे: काय टिकले, काय गेले, कोणी काय म्हटले. सगळ्यांना एकच लेख देऊ नये, कारण दोघांनी एकच भाग एकदम जतन केला की दुसऱ्यासमोर संपादनांची टक्कर झाल्याचा पडदा येतो आणि बहुतेक जण घाबरून खिडकी बंद करतात. अहवालात लेखांची संख्या छापू नये. महिन्यानंतर किती जण अजून संपादन करत आहेत ती संख्या छापावी. ती लहान असेल, पण खरी असेल. शिक्षकांनी या कामाला गुण देऊ नयेत असे आमचे मत आहे. गुण आले की शेवटच्या रात्री उतारे येतात.

आणि एक विनंती आपल्याला, म्हणजे मराठी वृत्तपत्रांना. गावे, स्थानिक नाटक मंडळ्या, खेळाडू, ग्रामीण साहित्यिक यांच्याविषयीचा आधार बहुधा तुमच्याच जिल्हा पुरवण्यांत असतो. पण संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे मरतात आणि त्यांवर उभी असलेली वाक्ये निराधार होतात. आम्ही जमेल तेवढी पाने वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या पानांच्या संग्रहात साठवून ठेवतो. दुवे कायम ठेवता आले तर ते करावे लागणार नाही. ऑनलाइन बातमीखाली छापील अंकाची तारीख, आवृत्ती आणि पृष्ठ दिले तर दुवा गेला तरी संदर्भ उभा राहतो. तसेच आपल्या लेखांत विकिपीडियावरून घेतलेली माहिती मूळ स्रोत न तपासता छापू नये. एखाद्या नवख्याने टाकलेली चुकीची जन्मतारीख पुरवणीत छापून येते, पुढच्या आठवड्यात तीच पुरवणी त्या तारखेचा संदर्भ म्हणून विकिपीडियावर जोडली जाते, आणि मग ती तारीख काढायला गेलेल्यालाच ‘छापील आधार आहे’ असे सांगून उलटवले जाते.

आपले,
मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारे काही सदस्य,
पुणे आणि ठाणे