विषय : बागेतल्या सोनचाफ्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढण्याबाबत

दि. १४ ऑक्टोबर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावर लावलेला ठराव वाचला. सोनचाफा रोगट झाला आहे, पंधरा दिवस खत-औषध करून बघायचं आणि सुधारला नाही तर तोडायच्या परवानगीसाठी अर्ज करायचा, असं त्यात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टींची घाई होते आहे. बिघडली आहे ती झाडाखालची जमीन, आणि मे महिन्यात पेव्हर बसवताना ती आपणच बिघडवली.

आधी पान बघा. शेंड्याकडची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आहेत, शिरा मात्र हिरव्या. पान उजेडात धरलं की माशाच्या काट्यासारखं दिसतं. झाडाला लोह मिळत नसल्याची ही खूण आहे. नत्र कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं आधी आणि सरसकट पिवळी पडली असती. मॅग्नेशियम कमी असलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते. म्हणून मॅनेजरसाहेबांनी मागवलेली युरियाची गोणी उघडू नये ही पहिली विनंती. दुखावलेल्या मुळांशी युरिया पडला तर ती आणखी भाजतील.

आपल्याकडच्या मातीत लोहाची कमतरता नसते. पण मातीत चुना-सिमेंट मिसळलं की लोह अडकून बसतं, मुळांना उचलता येत नाही. सोनचाफ्याला किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण साडेपाच ते साडेसहा. आपण पेव्हरखाली सिमेंटचा थर दिला, बुंध्याला दरवर्षी गेरू-चुना फासतो आणि उन्हाळाभर टँकरचं जड, क्षारांचं पाणी घालतो. पडताळा सोपा आहे : कडेची चमचाभर कोरडी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना-सिमेंट आहे.

दुसरा घोटाळा बुंध्यापाशी आहे. कुठल्याही झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पसरट होतो. आपला सोनचाफा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसतो, म्हणजे भोवतीचा कठडा उंच करून आत वीतभर लाल माती भरली गेली. तिथली साल कायम ओली राहते आणि कुजायला लागते. त्यातून ऐन पावसातही पाइपनं रोज पाणी चालू होतं. माळ्याला दोष नको, त्याला तसंच सांगितलेलं होतं. देवचाफा आणि सोनचाफा नावानं भाऊ असले तरी कुळानं वेगळे आहेत. सोनचाफा मॅग्नोलियाचा, नर्सरीतल्या हिमचंप्याच्या गोतातला. या कुळाची मुळं जाड, मांसल आणि ठिसूळ असतात, बरीचशी वरच्या थरातच पसरतात आणि एकदा तुटली की सावकाश भरून येतात.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. बुंध्यापासून सगळीकडे किमान एक मीटरपर्यंतचे पेव्हर आणि खालचा सिमेंटचा थर काढावा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली एवढंच अंतर मोकळं ठेवायला सांगितलं होतं. काम पहारीनं आणि हातानं करायचं, ब्रेकर अजिबात नको. मग खुरप्यानं बुंध्याजवळची भर हळूहळू काढत जायची आणि पसरट भाग दिसला की थांबायचं. त्याच वेळी बोटाएवढं एखादं मूळ तपासावं. आतून पांढरं आणि टणक असेल तर उत्तम. तपकिरी असेल आणि दाबल्यावर साल मोज्यासारखी निघून येत असेल तर ती मूळकुज. कुजलेला भाग धारदार कात्रीनं कापून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, लिटरला ३ ग्रॅम, त्या जागी ओतावं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी त्यानंतर पंधरा दिवसांनी, १०० ग्रॅम १० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून. दोन्ही एकदम दिलं तर तांबं ट्रायकोडर्माला मारतं आणि पैसे वाया जातात.

वरून वाळक्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन घालावं, बुंध्यापासून चार बोटं लांब. पाणी रोज नको. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच द्यावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवता आलं तर फारच छान, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं फेकलेलं पाणी मात्र कुणी पुण्याईनंही घालू नये.

लोहासाठी तातडीचा उपाय : हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबाचं फूल (सायट्रिक अ‍ॅसिड) १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. खाली गाड्या उभ्या नसाव्यात, गंजाचे डाग निघत नाहीत. मातीतून द्यायचं असेल तर दुकानदाराकडे ईडीडीएचए चिलेटचं लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं) मागावं. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडी मातीत टिकत नाही. आज पिवळी असलेली पानं सगळी हिरवी होतीलच असं नाही, त्यामुळे निकाल नव्या पालवीवरून लावावा. पंधरा दिवसांची मुदत त्यासाठी अपुरी आहे, फेब्रुवारी-मार्चची फूट बघायला हवी.

खालच्या पानांवरची काजळी खवले किडीच्या चिकट्यावर वाढते, मुंग्यांची रांग त्याचसाठी आहे. लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी पुरे. हिराकसच्या फवाऱ्यात मिसळू नये, वेगळ्या दिवशी मारावं. कुरतडलेल्या पानांची चिंताच नको. ते बहुधा टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्यांचं काम आहे, झाडाला त्याचं काही होत नाही. नवरात्रातल्या लायटिंगची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार मात्र अजून फांदीत रुतलेली आहे, ती काढायला हवी.

वाळलेली वाटणारी फांदी नखानं खरवडून बघावी. आत हिरवं असेल तर जिवंत आहे. तरीही छाटणी परस्पर करू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये ‘तोडणे’ या शब्दात झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे त्यासाठीसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज लागेल.

येत्या रविवारी सकाळी पेव्हर काढायला समितीनं लेखी होकार द्यावा. पहार आणि घमेली स्टोअरमध्ये आहेत, निघालेले ब्लॉक तिथेच रचून ठेवता येतील.

आपला,
बी विंगमधील एक सभासद