मागच्या अंगणातला खांब

बेलापूर, नवी मुंबई
२२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर आई नुसते "बरं" म्हणते, बाबा, तुम्ही गप्प बसता, आणि मग त्या दोन्हींचा अर्थ लावत मी रात्रभर जागी राहते. म्हणून लिहिते आहे. आधी पूर्ण वाचा आणि मग रागवा, एवढेच मागणे आहे.

मागच्या अंगणात माझ्या छोट्या वेधशाळेचा, दुर्बीण बसवायचा खांब उभा राहिला आहे. भिंती झाल्या, छप्पर गेल्या रविवारी बसले. म्हणजे जिथे तुमची खोली बांधायची होती, तिथे आता खोली होणार नाही. हा निर्णय मी गणपतीनंतर घेतला आणि तुम्हाला विचारले नाही, कारण विचारले असते तर तुम्ही दोघांनीही एका क्षणात "तुझ्या मनाप्रमाणे कर" म्हटले असते आणि ते ऐकून माझ्याने पुढे काही झाले नसते.

बाबा, तुमचा आलेख कागदावरचा नकाशा पेटीत जपून ठेवला आहे. दहा बाय बारा, पूर्वेला खिडकी, आईच्या शिवणयंत्रासाठी कोनाडा. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखताना एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागू दिली नाही, म्हणून ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला अंगणात उभे करून सांगत असायचात. आपले घर वाढवायचे राहिले ते का राहिले, हे आपल्या तिघांना माहीत आहे. त्या पैशांचा हिशेब मी कधी विसरलेले नाही.

पण खोली मागे होणार नाही याचा अर्थ तुमची खोली होणार नाही असा घेऊ नका. पुढची खोली मी तुमच्यासाठी तयार केली आहे. पावसाळ्यात टेकडीचे पाणी मागच्या भिंतीतून झिरपते, तुमच्या कपाटाला दर वर्षी बुरशी येत असे, आणि आईच्या सांध्यांना ती ओल अजिबात सोसली नसती. पुढच्या खोलीला अंगणाचे ऊन आहे, दारात उभे राहिले की समोरच्या काकू दिसतात आणि तिथून न्हाणीघरापर्यंत एकही पायरी नाही. न्हाणीघरात खरखरीत फरशी घातली, कमोड बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे लावले. पलंगाची उंची मी आईच्या गुडघ्याला मोजून घेतली होती. गणपतीत मी तुझ्याजवळ जमिनीवर बसून टेप लावत होते ती त्यासाठीच, आई, पडद्यासाठी नव्हे. देवघर होते तिथेच आहे. रेडिओही उशाशीच ठेवला आहे.

ही सगळी कारणे खरी आहेत. पण खरे सांगायचे तर ती मला नंतर सुचली. पहिले कारण एवढेच होते की आपल्या घरातून ध्रुव तारा फक्त त्या एका कोपऱ्यातून दिसतो.

नवी मुंबई १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. (तुमच्याकडे कुडाळला तर तो १६ अंशांवरच आहे, माडांच्या आड.) एवढ्या खालचा तारा म्हणजे कोणाची टाकी, कोणाचा आंबा, कोणाची वाढवलेली गच्ची, काहीही त्याला झाकून टाकते. दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखून बसवावा लागतो. मग पृथ्वी ज्या गतीने फिरते त्याच गतीने एक मोटर उलट फिरत राहिली की तारा नजरेसमोर स्थिर राहतो. मी तीन आठवडे रोज रात्री अंगणात पावलापावलाने सरकत उभी राहिले आणि शेवटी तो दोन भिंतींच्या फटीतून सापडला. कुठे, तर आईच्या धुण्याच्या दगडावर उभे राहिल्यावर. तो दगड फोडलेला नाही. चार माणसे लावून उचलला आणि प्राजक्ताखाली नळाजवळ ठेवला आहे. प्राजक्तालाही कोयता लागलेला नाही.

खांबासाठी तीन फूट खोल खड्डा खणून सळ्यांचा पिंजरा उभा केला आणि काँक्रीट भरले. खांब आणि भोवतालची फरशी यांच्यात दोन बोटांची फट मुद्दाम सोडली आहे, कारण फरशीवर कोणी चालले तर पावलाचा हादरा खांबात जातो आणि नळीतला गुरू थरथरू लागतो. गवंड्याला ही फट म्हणजे कामातली चूक वाटली आणि मी दुपारी कार्यालयातून परतेपर्यंत त्याने ती मायेने बुजवून टाकली होती. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा कोरून काढली. घुमट करण्याच्या भानगडीत मी पडले नाही. आठ बाय दहाची साधी खोली आहे आणि तिचे छप्पर सरकते. सरकत्या फाटकाला वापरतात तीच चाके आणि तोच रूळ, तुर्भ्याच्या फॅब्रिकेटरकडून बसवून घेतला. वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांना आकडे आहेत. जून ते सप्टेंबर ते उघडायचेच नाही. त्या दिवसांत दुर्बीण घरात, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह राहील, कारण आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. बांधकामाचे कागद आर्किटेक्टकडून तपासून फायलीत लावले आहेत. खर्च दोन लाख ऐंशी हजार झाला, त्यातला एक रुपयाही कर्जाचा नाही, आणि तुमच्या ठेवीला मी हात लावलेला नाही. तुम्ही आल्यावर हिशेबाची वही दाखवते.

बाबा, तुम्हाला १९९७ चा उन्हाळा आठवत असेल. मी नऊ वर्षांची होते. संध्याकाळी तुम्ही मला खांद्यावर घेऊन गच्चीत न्यायचात आणि मावळतीच्या उजव्या अंगाला हेल-बॉपचा धूमकेतू दाखवायचात. मला तो पहिले दोन दिवस दिसलाच नव्हता. तुम्ही निराश होऊ नये म्हणून मी "दिसला" म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी खरोखर दिसला तेव्हा तुमचे केस घट्ट धरून मी रडले, आणि तुम्हाला वाटले की मी घाबरले. हे मी तुम्हाला आजवर सांगितले नव्हते. पुढे खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला पहिल्यांदा गेले तेव्हाही तुम्ही सोबत आलात, रात्रभर मफलर गुंडाळून बसलात आणि पहाटेच्या लोकलमध्ये माझ्या खांद्यावर झोपलात.

शहराच्या उजेडात काय दिसणार, असे तुम्ही विचाराल. आकाशगंगा दिसत नाही, हे खरे आहे. पण चंद्र, ग्रह, जोडतारे आणि रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे यांना शहराचा उजेड फारसा आडवा येत नाही. ययाती तारकासमूहातला मायावती हा तारा दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्या आड येतो. त्याचा प्रकाश तेव्हा एक तृतीयांशापेक्षाही कमी उरतो. ते मी गच्चीतून नुसत्या डोळ्यांनी टिपत आले आहे. त्याच्याहून अंधुक ताऱ्यांच्या अशाच नोंदी आता आठ इंची दुर्बिणीतून ठेवायच्या आहेत. अशी नोंद एका रात्रीची असून उपयोगाची नसते, ती वर्षानुवर्षे सलग लागते, आणि म्हणूनच दुर्बीण कायम एका जागी उभी हवी.

आता पोहण्याविषयी. आई, तू पत्र इथे खाली ठेवू नकोस.

रात्री जागून पहाटे पाण्यात उतरणे म्हणजे आजाराला आमंत्रण, असे तू दिवाळीत म्हणालीस. तसे मी करत असते तर तुझे म्हणणे बरोबरच होते. पण वेधशाळा घरामागे झाल्यामुळेच पोहणे टिकणार आहे. आजवर तारे पाहायचे म्हणजे शनिवारी गाव गाठायचे, दुर्बीण उतरवायची, जुळवण्यात तास घालवायचा, रात्र काढायची आणि रविवारचा सराव बुडवायचा. आता सात वाजता छप्पर सरकवले की दहा मिनिटांत नोंद सुरू होते. पावणेनऊला छप्पर बंद, साडेनऊला मी अंथरुणात, आणि पावणेपाचला उठून साडेपाचला वाशीच्या तलावावर. आठवड्यातले चार दिवस, त्यात बदल नाही. शुक्रवारी रात्री उशीर झाला तर शनिवारी तलाव नाही, हा नियम मी स्वतःला लिहून दिला आहे. पंचवीस मीटरच्या तलावात ऐंशी फेऱ्या, म्हणजे दोन किलोमीटर: आधी सावकाश चारशे मीटर, मग नुसत्या पायांचे, मग नुसत्या हातांचे, आणि शेवटी शंभराचे तुकडे घड्याळ लावून. खांबाच्या आणि छपराच्या कामाचे सहा आठवडे मी एकही सराव चुकवला नाही. पोहून आल्यावर नाचणीची आंबील आणि दोन अंडी खाते. केस वाळवूनच बाहेर पडते. लहानपणची धाप आता जिना चढतानाही लागत नाही.

डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याची जी स्पर्धा होते, तिच्यासाठी मी नाव दिले आहे. हे वाक्य मी चार वेळा खोडले. नंदूमामानंतर तू पाण्याचे नाव घेणे सोडलेस आणि बाबांनी भोपळा बांधून मला विहिरीत सोडले तेव्हा तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस, हे मला कळत नाही असे समजू नकोस. मामा एकटा होता, आणि ती वेळ संध्याकाळची होती. मी सकाळी, सोबत होड्या आणि जीवरक्षक असताना, शेकडो लोकांबरोबर उतरणार आहे. तू किनाऱ्यावर यावेस असे मी म्हणणार नाही. तू घरी देवाजवळ दिवा लावून बस. मी बाहेर आल्याबरोबर बाबा तुला फोन करतील. आणि ऐन वेळी मन झाले, तर बाबांसोबत ये. मी नारंगी टोपी घालणार आहे.

स्पर्धेनंतर दोन दिवस घरी राहीन आणि मग तुम्हा दोघांना घेऊनच परत येईन. मांडवी एक्स्प्रेसची तिकिटे काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. कोकणकन्या पनवेलला भल्या पहाटे उतरवते, ते आईला नको. यावर आता चर्चा नाही. आईच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरवले आहे. मोतीबिंदू पिकू द्यावा ही जुनी समजूत आहे, आता तसे थांबावे लागत नाही. आणि संक्रांत, माघी गणपती, शेजारच्यांचे लग्न यांपैकी कशासाठीही ते पुढे जाणार नाही. तोवर आईने रक्तातली साखर तपासून कागद सोबत ठेवावा. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घ्या, आठवण झाली तेव्हा नव्हे. कौले नीट करायला माणूस बोलवा. तुम्ही शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. रात्री मागच्या पडवीत जाताना विजेरी आणि पायात चपला. भांडी आणू नका, पापड आणू नका, फार तर कुळथाचे पीठ आणा.

आई, ऑपरेशननंतर थोडे दिवस वाकायचे नसते, म्हणून दुर्बिणीजवळ पाठ टेकायची खुर्ची ठेवली आहे आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, तिच्या उंचीला येते, तुला मान खाली घालावी लागणार नाही. शनीची कडी सध्या आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसतात, नुसती एक रेघ. ती पुन्हा उघडल्यावर पाहू. पण १० जानेवारीला गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि रात्रभर मिथुनेत असतो, त्याचे चार चंद्र तुला मोजता येतील. आणि देवयानी तारकासमूहात एक जोडतारा आहे, त्यातला एक सोनेरी आणि दुसरा निळा. तो मला तुला दाखवायचा आहे. मोतीबिंदूने नजरेवर पिवळी छटा चढते आणि निळा रंग आधी जातो, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला एकदम तुझी निळी साडी आठवली. गणपतीत तू तिला फॉल लावलास, तो सगळा काळ्या दोऱ्याने. मी तेव्हा काही बोलले नाही.

ती साडी येताना सोबत घे. मी तो दोरा उसवलेला नाही. निळ्या दोऱ्याचे रीळ इथे, तुझ्या शिवणाच्या डब्यात आणून ठेवले आहे.

तुमची,
मनू