लिनक्स टाकताना डिस्कही कुलूपबंद करा

महोदय,

विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे जुने संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेण्याकडे पतसंस्था, शाळा, करसल्लागारांची कार्यालये वळू लागली आहेत. निदान माझ्याकडे येणाऱ्या कामांत तरी हे दिसते. त्याचा मला आनंदच आहे. पण हेच काम करणारा माणूस म्हणून एक गोष्ट मनापासून खटकते. लिनक्समध्ये डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्कवरचे काहीच वाचता येऊ नये अशी सोय, आयते मिळते, त्याला वेगळा पैसा पडत नाही, तरीही संगणक बसवून देणारे बहुतेक जण ते चालू करून देत नाहीत.

‘आमच्या संगणकाला पासवर्ड आहे,’ असे ग्राहक ठामपणे सांगतात. तो पासवर्ड संगणक नेहमीच्या रीतीने सुरू केला तरच आडवा येतो. डिस्क बाहेर काढून केसिंगमध्ये घातली आणि यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडली की त्याचा काही संबंध उरत नाही. मागचे स्क्रू काढण्यापासून फोल्डर उघडेपर्यंत समोरचा चहा गार होत नाही. मग दिसतात सभासदांच्या आधार आणि पॅनचे स्कॅन, सातबारे, कर्जप्रकरणे, जामीनदारांच्या सह्या. यासाठी चोरीच व्हायला हवी असेही नाही. दुरुस्तीला दिलेला किंवा भंगारात घातलेला संगणकही हे सगळे सोबत घेऊनच जातो.

ही सोय काही नवी नाही. २००४ सालीच लिनक्सच्या गाभ्यात डीएम-क्रिप्ट हा एन्क्रिप्शन करणारा भाग आला आणि त्यावर बेतलेली ‘लक्स’ ही पद्धतही त्याच सुमारास आली. डेबियन आणि उबंटू हे लिनक्सचेच प्रकार. डेबियनच्या २००७ मधल्या आवृत्तीपासून आणि उबंटूच्या ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीपासून इन्स्टॉल करतानाच हा पर्याय समोर येतो. मात्र उबंटूत तो आधीपासून निवडलेला नसतो. घाईत ‘पुढे, पुढे’ दाबत गेले की राहून जातो. नंतर चालू करायचा तर आधी सगळा बॅकअप घ्या, मग बहुधा पुन्हा इन्स्टॉल करा. म्हणून जे करायचे ते पहिल्याच दिवशी.

‘पासवर्ड विसरलो तर?’ इथे बहुतेकांचे घोडे अडते, आणि ही भीती खोटी नाही. लक्सला मागचा दरवाजा नाही. पासवर्ड गेला तर मी काय, कोणीच डिस्क उघडून देऊ शकत नाही. पण त्यावरचा उपाय त्याच रचनेत आहे. डिस्कवरचा मजकूर तुमच्या पासवर्डने नव्हे, तर आत तयार झालेल्या एका मुख्य किल्लीने बंद होतो आणि पासवर्ड फक्त ती किल्ली सोडवतो. त्यामुळे एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत जागा असतात. व्यवस्थापकाचा एक, सचिवांचा एक, आणि तिसरा लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सीलबंद करून तिजोरीत. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच्यापुरता पासवर्ड काढून टाकायचा, बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. डिस्कच्या सुरुवातीला या सगळ्याची नोंद ठेवणारा ‘हेडर’ असतो. तो खराब झाला तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही. म्हणून त्याची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तीही तिजोरीत ठेवावी. फायलींचा नेहमीचा बॅकअप तर हवाच.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना. हा पासवर्ड उबंटू पूर्ण सुरू होण्याआधी विचारला जातो, तेव्हा देवनागरी कळफलक हाताशी असेल असे धरून चालू नका. तुमच्याच मनातले, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा. ते लक्षात राहतात आणि ओळखायलाही अवघड जातात. संस्थेचे नाव आणि स्थापनेचे वर्ष मात्र कृपा करून नको.

याची मर्यादाही सांगायला हवी. संगणक सुरू असताना डिस्क उघडीच असते. व्हायरस, फसवा ईमेल किंवा टेबलावर चालू सोडलेला लॅपटॉप यांच्यापुढे हे कुलूप कामाचे नाही. लॅपटॉप नुसता झाकून ‘स्लीप’वर ठेवला तरी किल्ली मेमरीत राहते. रात्री आणि प्रवासात तो पूर्ण बंदच करावा.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे आणि वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला दंडापेक्षा त्या जामीनदाराची काळजी जास्त वाटते, ज्याने विश्वासाने कागद दिले आणि ते कुठल्या डिस्कवर पडून आहेत हे ज्याला कधीच कळणार नाही. सहकार खात्याने आणि शिक्षण खात्याने संगणक खरेदीच्या व देखभालीच्या करारांत दोन अटी घालाव्यात: डिस्क एन्क्रिप्ट करूनच संगणक ताब्यात द्यावा, आणि बसवणाऱ्याने चाचणीसाठी वापरलेला पासवर्ड संस्थेच्या माणसासमोर काढून टाकावा. खात्यांचा आदेश येईपर्यंत संस्थांनी आपल्या पुढच्या कामाच्या ऑर्डरवर या दोन ओळी स्वतःच लिहायला हरकत नाही.

– एक संगणक व्यावसायिक, सांगली