समुद्रतळाचीही तपासणी हवी

किनाऱ्यालगतच्या पाण्याचा दर्जा समाधानकारक असल्याची बातमी वाचली, परंतु केवळ पाण्याच्या नमुन्यांवरून काढलेला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. मुंबईत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. सकाळचा नमुना दुपारच्या पाण्याबद्दलही फारसे सांगत नाही. तळाच्या गाळातील कृमी, शिंपले आणि लहान कवचधारी प्राणी मात्र सहसा जागा सोडून जात नाहीत, त्यामुळे महिनोन्महिन्यांच्या प्रदूषणाचा परिणाम त्यांच्या जातींत आणि संख्येत दिसतो. सेंद्रिय घाण वाढली की संवेदनशील जाती नाहीशा होऊन ‘कॅपिटेला’सारखे मोजके कृमी बेसुमार वाढतात, हे सागरी शास्त्रज्ञ पिअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्येच मांडले होते.

वरळी व वांद्रे येथून सांडपाणी नळांद्वारे तीन किलोमीटरहून अधिक आत समुद्रात सोडले जाते. त्या मुखांपाशी, आणि तुलनेसाठी दूरच्या ठिकाणीही, पावसाळ्यापूर्वी व नंतर गाळाचे नमुने घ्यावेत (पावसाच्या गोड्या पाण्यानेही तळजीवन बदलते, हे ध्यानात ठेवून). गाळ बारीक चाळणीतून काढून जीव ओळखणे वेळखाऊ आहे खरे. पण वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारखी तज्ज्ञ संस्था असताना ही सबब टिकत नाही. महापालिकेने या नोंदी दरवर्षी जाहीर कराव्यात.

— एक वाचक, माहीम, मुंबई