पट्ट्याचं मोकळं टोक

इंदूर, शुक्रवार
रात्रीचे साडेअकरा

चि. माऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

आत्याचा फोन आला तेव्हा सात वाजायला आले होते. माऊ पोचली, अंघोळ झाली, पिठलंभात जेवली, आता गच्चीत बसलीये, एवढं तिनं सांगितलं. ‘तिला फोन दे’ असं मी म्हणालो नाही. आईनं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

लडाखच्या वाटेवरचा तुझा पहिला दिवस. देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी. 500 किलोमीटर एकटीनं मोटरसायकल चालवत गेलीस. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात 31 वर्षं मी याच एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याच्या, मालाच्या बिल्ट्या फाडल्या, पण स्वतः गाडी चालवत त्या रस्त्यानं ग्वाल्हेरला कधी गेलो नाही. सकाळी तुला हे सांगायचं होतं. फाटकाशी उभा राहून बोललो काय, तर ‘ती बॅग उतरव’.

हातानं लिहितोय, टाइप करायला बसलो तर उजाडेल. फोटो काढून आत्याच्या फोनवर पाठवतो. तुझ्या फोनवर पाठवलं तर तू ते चंदीगडला पोचल्यावर उघडशील, आणि तू ग्वाल्हेर सोडायच्या आधी हे वाचायला हवंस.

आधी माफी मागतो. तू झोपल्यावर मी तुझी टेलबॅग उघडली, ते चुकलंच. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या सामानाला न विचारता हात लावायचा नसतो. आईनं तेव्हाच सांगितलं होतं. पण तू बॅग भरत होतीस तेव्हा मी दारातून बघत होतो. खाली कपडे, त्यावर पाने, पंप, ट्यूब, चेनच्या तेलाचा डबा, आणि सगळ्यात वर आईचा लाडवांचा स्टीलचा डबा. अशी ती बॅग मागच्या कॅरियरवर, म्हणजे चाकाच्याही मागे. आमच्या लोहामंडीत कुणी असा ट्रक भरला असता तर हमालांनीच ओरडून उतरवायला लावला असता. स्वयंपाकघरातला काटा आणून मी वजनं केली. डावी साइडबॅग 7 किलो, उजवी 3, टेलबॅग 14. लोखंडाचं सगळं साइडबॅगांत खाली, पुढच्या अंगाला भरलं, तेव्हा दोन्हीकडे 9-9 आणि मागे फक्त 6 राहिले. वजन तेवढंच, 24 किलो. पहाटे तू उठलीस की हे नीट समजावून सांगणार होतो. पण तू उठलीस ती पलंगावर पसरलेले आपले कपडे बघूनच.

‘बाबा, ही मोटरसायकल आहे, तुमचा ट्रक नाही.’

बरोबर बोललीस. ट्रकला दहा चाकं असतात, थोडं इकडचं तिकडे झालं तरी तो सोसतो. दोन चाकांना ते सोसत नाही. मागचं चाक म्हणजे टेकू. त्याच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं, मागे ठेवलेलं वजन गाडीचं तोंड वर उचलतं. तोंड हलकं झालं की हँडल आधी नुसतं थरथरतं, मग वेगात डोलायला लागतं. मनालीच्या पुढे गाटा लूप्सची 21 वळणं चढाची आहेत आणि चढावर पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं.

हे बघ, सामानाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तू पाच मिनिटांत सगळं पुन्हा कोंबलंस, चहा तसाच ठेवून निघालीस. मी फाटकाशी होतो. गल्लीच्या दिव्याखाली वळलीस तेव्हा दिसलं, डाव्या बाजूच्या पट्ट्याचं टोक वीतभर खाली लोंबत होतं, चाकाच्या बाजूला हलत होतं. मी हाक मारली. हेल्मेटात तुला ऐकू गेली नसणार, किंवा गेली असेल. दिवसभर मला दुसरं काही दिसलं नाही. आत्याला तीनदा फोन केला तो त्यासाठीच. मघाशीही म्हटलं, जरा खाली जाऊन तिच्या गाडीचा पट्टा बघून येतेस का? ती म्हणाली, ‘दादा, पोरगी धडधाकट समोर बसलीये, आता काय बघू?’

तिला नाही सांगितलं. तुला सांगतो.

1993 ची भाऊबीज. खंडव्याला मामाकडून आई आणि मी राजदूत मोटरसायकलवर परत येत होतो, तुझा दादा इकडे आजीपाशी होता. नको नको म्हणत असताना मामानं 20 किलो तुरीची डाळ पोत्यात भरून दिली. पोतं मी बांधलं. रोज ताडपत्र्या आणि रस्से बघणारा मी, चांगली निरगाठ मारली. सुंभाचं टोक हातभर उरलं. ते कापायला सुरी मागायला हवी होती, पण आई गाडीवर बसली होती, उन्हं कलायला लागली होती. टोक पोत्याखाली खोचलं आणि निघालो. सनावद मागे पडलं. मोरटक्क्याच्या पुलावर आईनं नर्मदेत नाणं टाकलं. बडवाह गेलं. भेरूघाटात रस्ता उखडलेला होता, तिथे कुठेतरी ते टोक निघालं असणार. मला कळलं ते इतकंच की मागचं चाक कुणीतरी धरलं. ब्रेकला मी हातही लावला नव्हता, पायही नाही. गाडी आडवी झाली आणि घासत गेली. आई उजव्या कोपरावर पडली.

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. आधी त्यानं आईला कडेच्या दगडावर बसवलं, पाणी पाजलं, मग चाकाशी उकिडवा बसला. सुंभ आऱ्यांमधून आत जाऊन आसाभोवती असा आवळला होता की बोटानं सुटेना. त्यानं सुरीनं कापून काढला. काळा, तेलकट, काडीसारखा ताठ झालेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि न बोलता ट्रककडे गेला. माझ्या खणात चष्म्याच्या जुन्या डबीत आहे तो. एकदा तू विचारलं होतंस, हे काय ठेवलंय? मी म्हटलं होतं, राहू दे.

सगळ्यांना मी सांगितलं, खडीवरून घसरलो. आजीला, मामाला, पुढे तुम्हा दोघांना. आईला खरं काय ते माहीत आहे, तिनं इतक्या वर्षांत एकदाही कुणापुढे काढलं नाही. आई कणीक डाव्या हातानं का मळते, असं तू लहानपणी विचारायचीस. मी म्हणायचो, ती डावखुरी आहे. माऊ, आई डावखुरी नाही. परवा वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळतानाही शेजारच्या काकूंनी तिच्या हातातून ते वरच्या बाजूनं घेतलं, तिचा उजवा हात तेवढा उचलत नाही.

म्हणून पट्ट्याचं ते टोक.

ते नुसतं त्याच पट्ट्याखाली दाबू नकोस, मी तेच केलं होतं. वाऱ्यानं, हादऱ्यानं ते बाहेर येतंच. टोकाची घट्ट गुंडाळी कर, वर वेल्क्रोची पट्टी किंवा जाड रबरबँड लाव. त्याहून बरं म्हणजे, बॅग पूर्ण भरल्यावर आवळायला लागेल तेवढं ठेवून बाकीचं कापून टाक आणि नायलॉनचं टोक काडीनं वितळवून घे, म्हणजे धागे सुटणार नाहीत. आत्याकडे कात्री आहे. पट्टा कॅरियरच्या नळीला किंवा गाडीच्या सांगाड्याला अडकव. इंडिकेटरच्या दांडीला नको, प्लॅस्टिकला नको. आणि ती हूकवाली रबरं आत्याकडेच ठेवून जा. खड्ड्यात सामान उसळलं की रबरही ताणतं, हूक निसटतो, आणि निसटलेला हूक एकतर डोळ्यावर येतो नाहीतर चाकात जातो. रेनकोट अडकवायला ठीक आहेत, ओझं त्यांच्यावर टाकू नये.

परत व्याख्यान झालं. आई म्हणाली होती, चार ओळी लिहा आणि झोपा.

चंदीगडहून तुझी मैत्रीण मागे बसणार, त्याचं मात्र लिहायलाच हवं. ती बसली की सीटवरचं सगळं मागे सरकणार, सकाळी मी जे उतरव म्हणत होतो तेच पुन्हा होणार. तिचं सामान किती आहे ते आधी विचार. दोघींचा एक पाना, एक पंप, एक शाम्पू पुरतो. गाडीच्या पुस्तिकेत एकूण किती वजन चालतं ते दिलेलं असतं, त्यात तुम्ही दोघी, बूट-जाकिटं सगळं धरायचं. टायरची हवा एकटीची वेगळी, दोघींची वेगळी, तेही तिथेच लिहिलेलं असतं. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना मोज. मागचं शॉकअप कडक करून घे. गाडी मागून दबली की हेडलाइट वर उचलला जातो, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जातो आणि तुला मात्र रस्ता दिसत नाही. तोही मेकॅनिककडून खाली करून घे. मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर बॅगेआड गेले नाहीत ना, हे तिला दहा पावलं मागे उभं करून बघायला सांग. ट्रकच्या केबिनमधून रात्री तुझी गाडी म्हणजे तो लाल दिवा, बाकी काही दिसत नाही. आमच्या ऑफिसात ड्रायव्हर येऊन बसायचे, त्यांच्या तोंडून मी हे फार ऐकलंय.

उजवी साइडबॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, तेही बघ. भरलेली असताना बघ, रिकामी असताना ती टेकत नाहीच.

पेट्रोलचा कॅन घेणार आहेस, हे तू मला सांगितलं नाहीस, दादानं सांगितलं. घ्यायलाच हवा. अटल बोगद्यातून बाहेर पडलात की तांडीला पंप आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असं सांगणारी तिथली पाटी आमच्या ड्रायव्हरांनाही पाठ होती. तुझ्या टाकीत 15 लिटर मावतं. कॅन 5 लिटरचा म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास पेट्रोल आणि वर कॅनचं वजन, म्हणजे दुसऱ्या बाजूला तेवढंच काहीतरी हवं. पाण्याच्या बाटल्या तिकडे ठेव. कॅन गळ्यापर्यंत भरू नकोस, वर चढत जाल तसा तो फुगतो. सायलेन्सरच्या बाजूला नको. झाकण उघडताना इंजिन बंद, आणि हळूहळू. टाकीत ओतलंस की दुसऱ्या बाजूच्या बाटल्या तशाच ठेवू नकोस, पुन्हा तोल बघ.

आणि पाठीवर सॅक घेऊ नकोस. कागदपत्रं, औषधं, एवढंच कमरेच्या पाऊचमध्ये. सॅकचं ओझं सबंध दिवस मणक्यावर राहतं, आणि पडलीस तर सॅकमधली कठीण वस्तू पाठीखाली येते. पडलीस तर असं लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलेलं तू जास्त निरखून वाचशील.

चिमणबागेच्या मैदानावर तुला स्कूटर शिकवली तेव्हा मी मागून कॅरियर धरून पळायचो. एका संध्याकाळी हात सोडला आणि तुला कळलं नाही. तू पूर्ण चक्कर मारून आलीस आणि मलाच विचारलंस, बाबा, तुम्ही इथे कसे? आज संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा मी त्याला आपणहून सांगितलं, माझी मुलगी गाडीवर लडाखला निघालीये, आज ग्वाल्हेरला पोचली. तो म्हणाला, भाईसाहब, अकेली? मी म्हटलं, ग्वाल्हेरपर्यंत एकटी. म्हणताना छाती भरून आली होती. तो गेल्यावर पायऱ्यांवर बसून राहिलो, पाय हलत नव्हते.

जा म्हणून सांगतोय. जाऊ नकोस असं माझ्या मनात आलं नाही, असं म्हणणार नाही, पण जा. गाडी घेतलीस तेव्हा खजराण्याच्या गणपतीला पूजेला मीच आलो होतो, हार मीच बांधला. तोही तू सोडून परत बांधला होतास, त्याचा दोरा चाकाजवळ येत होता म्हणून. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, बोललो नव्हतो. तुला हे सगळं कळतं. काल रात्री मी ते विसरलो.

लाडवांचा डबा तू टेबलावर ठेवून गेलीस. आई त्यावर काही बोलली नाही, झाकण पुसून फडताळात ठेवला. वर जड काही नको असं मीच म्हणत होतो, त्यामुळे हे माझ्यावरच येतं. आईनं आत्याला फोन केलाय, पहाटे ती थोडे बेसनाचे लाडू देईल. कापडी पिशवीत घे, डब्यात नको. पिशवी साइडबॅगेत वरच्या अंगाला मावेल.

आईला फोन कर. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

निघताना एक फोटो पाठव. मागच्या चाकाचा, दोन्ही बाजूंनी.

तुझा,
बाबा

ता. क. नवे बांधलेले पट्टे पहिल्या वीसेक किलोमीटरात बसतात आणि सैल पडतात. मुरैन्याच्या अलीकडे बानमोरला थांब, दोन्ही बॅगा हातानं हलवून बघ, पट्टे परत आवळ. आवळलंस की टोक पुन्हा लांब होईल, ते परत गुंडाळ.