नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या गाईड दादांस

दादा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहाजण नाशिकहून पहाटेच निघून चापडगावला आलो होतो. आमच्या डोक्यात एकच फोटो होता, क्रौंच पक्ष्यांचा थवा एकदम उडतानाचा. पलीकडच्या उथळ पाण्यात ते उभे दिसले आणि आमच्यातला एकजण म्हणाला, "दादा, जरा पुढे जाऊन टाळ्या वाजवा ना." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "नाही. रात्रभर ते तिथं निवांत होते. आता हरभऱ्यात चरायला जातील, पण त्यांच्या वेळेनं." त्या एका 'नाही'साठी हे पत्र लिहितेय.

खरं सांगते, तेव्हा मला राग आला होता. मग तुम्ही स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावून मला थापट्या बदकं दाखवलीत. पसरट चोच पाण्याला टेकवून, मान वर न करता, एकामागे एक गोल गोल फिरत होती. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यातून पाणी गाळून ती किडे नि बिया खातात. पुढच्यानं ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं, हे तुम्ही सांगितलंत. माझा चहा गार झाला तरी मी तिथून हलले नाही.

तेवढ्यात कुणीतरी काठाशी गेलं आणि वारकरी नावाचा एक पाणपक्षी बिचकून पाण्यावरून धावत सुटला. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, पाय फटफट आपटत चाललेले. तुम्ही म्हणालात, "ह्याला उडायला आधी असं धावावं लागतं, ताई. दिवसातून दहादा पळवला तर खाणार कधी, आणि परतीच्या प्रवासाला अंगात चरबी कुठून येणार?" त्यानंतर आमच्यातलं कुणीच काठाशी गेलं नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, म्हणून इथं उथळ पाणी, बेटं आणि पाणकणसाची दाटी झाली, हेही तुमच्याकडूनच कळलं. १९८६मध्ये अभयारण्य झालं, २०२०च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, हे मी आधी वाचलं होतं. पण रोज सकाळी पाहुण्यांना काठावरून मागे कोण बोलावतं, ते तुम्हाला पाहून समजलं. त्यात कुणी रुसतं, कुणी पुन्हा येत नाही, आणि तुमचं पोट ह्याच पाहुण्यांवर आहे. तरी तुम्ही 'नाही' म्हणता.

ऊन जरा चढल्यावर क्रौंच आपणहून उठले. आधी त्यांचा तो घुमणारा आवाज आला, मग लांबलचक रांग आमच्या डोक्यावरून गेली. माझा फोटो धूसर आलाय. तोच मोठा करून भिंतीवर लावलाय.

येत्या डिसेंबरात आईला घेऊन येते. तिचे गुडघे दुखतात, पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढणं काही जमायचं नाही. खाली झाडाखाली एक खुर्ची टाकता येईल ना?

तुमची,
नाशिकची ताई