खमीर, मीठ आणि न उलथलेली भाकर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत स्वयंपाकघरातून ख्रिस्ती बोध सांगणारे लेख येऊ लागतात. ‘जीवनाच्या कढईत श्रद्धेची फोडणी’ या थाटाचे. कल्पना वाईट नाही. येशूने स्वतः पीठ, मीठ, मासे, मोहरी घेऊनच शिकवले. आमची तक्रार एवढीच की या लेखांतले, आणि पुष्कळदा वेदीवरून होणाऱ्या प्रवचनांतले, स्वयंपाकघर खोटे असते. रोज पीठ मळणारी बाई ते ऐकते, मनातल्या मनात म्हणते ‘असं होत नाही हो’, आणि बोध तिथेच संपतो. दाखला सांगणाऱ्याने आधी पदार्थ नीट समजून घ्यावा, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा घोळ खमिराचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला एका बाईने तीन मापे पिठात लपवलेल्या खमिराची उपमा दिली आहे. त्याच शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात परुश्यांच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) खमिरापासून जपा असे सांगितले आहे, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल जुने खमीर काढून टाकायला सांगतो. प्रवचनकार इथे अडखळतात. कोणी खमीर म्हणजे श्रद्धा असे सांगून मोकळा होतो, कोणी खमीर म्हणजे पाप. दोघांच्याही डोळ्यांसमोर दुकानात मिळणारी यीस्टची पुडी असते, आणि त्या काळी पुडी नव्हती. खमीर म्हणजे आदल्या वेळच्या कणकेतून काढून ठेवलेला गोळा. तो नव्या पिठात मिसळायचा, पीठ फुगले की त्यातला गोळा पुन्हा काढून ठेवायचा, आणि ही साखळी महिनोन्‌महिने चालायची.

अशा गोळ्यात यीस्टबरोबर आंबटपणा आणणारे जिवाणूही असतात. गोळा ताजा आणि जोमदार असला तर भाकर हलकी होते, चव येते. त्याला वेळेवर नवे पीठ मिळाले नाही, तो उन्हाळ्यात उघडा राहिला किंवा फार जुना झाला, तर आम्ल वाढत जाते, पिठातला चिवटपणा तुटतो, वायू धरून ठेवला जात नाही, कणीक पसरते आणि तिला शिळ्या दारूसारखा वास येतो. असा गोळा घातला की नवे पीठही बिघडते. म्हणजे मत्तयाचे खमीर आणि पौलाचे खमीर ही एकच वस्तू आहे. फरक निगा राखण्याचा आणि वयाचा. वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी घरातले सगळे खमीर काढून सात दिवस बेखमीर भाकर खायची, म्हणजे वर्षातून एकदा ती साखळी तोडून नव्याने सुरुवात करायची. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात या सणाला आंबट चटणीचे भांडे झाकून ठेवण्याची चाल होती, आणि सणाचे मराठी नावही त्यावरूनच पडले. पौल यहुदी घरात वाढलेला. ‘जुने खमीर’ म्हणताना त्याला पुडी नव्हे, हा जुना गोळा दिसत असणार.

दाखल्यातले मापही कोणी लक्षात घेत नाही. तीन मापे पीठ म्हणजे जवळपास 36 ते 40 लिटर, वजनात सुमारे 20 किलो. त्यात 12 लिटर पाणी घातले तर कणीक 32 किलोंची होते. हे एका कुटुंबाचे जेवण नव्हे, शंभरावर माणसांची पंगत आहे, आणि मळणारी बाई एकच. उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात अब्राहाम तीन पाहुण्यांसाठी सारेला एवढ्याच पिठाच्या भाकरी करायला सांगतो. एवढ्या पिठात खमीर ‘लपवायचे’ म्हणजे ते सगळीकडे पोहोचेपर्यंत मळत राहायचे. एका कोपऱ्यात ठेवून दिले तर तो कोपरा फुगतो, बाकीचे पीठ दगड राहते. दाखल्यात चमत्कार आहे तसे कष्टही आहेत, आणि प्रवचनांत नेमके तेच गळतात.

वर्गात हे दाखवायचे असेल तर प्रमाण असे: मैदा 250 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, साखर एक चहाचा चमचा, पाणी 155 ते 160 मिलिलिटर. पावसाळ्यात मैदा दमट असतो, तेव्हा पाणी 10 मिलिलिटर कमी घ्यावे. दहा मिनिटे मळावे. मुंबईच्या हवेत पाऊण ते एक तासात पीठ दुप्पट होते. मे महिन्यात त्याही आधी. दुसऱ्या वाडग्यात यीस्टशिवाय तेवढेच पीठ मळून शेजारी ठेवावे. इथे दोन चुका नेहमी होतात. ‘कोमट’ म्हणत कढत पाणी ओततात. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरते, मग कितीही वाट पाहा. पाणी बोटाला ऊनही लागू नये, आपल्याकडे नळाचे पाणी पुरते. दुसरे म्हणजे, पीठ फुगले की सगळे भाजून टाकतात. त्यातला 50 ग्रॅमचा गोळा काढून ठेवला पाहिजे. तो दुसऱ्या दिवशी 250 ग्रॅम मैद्यात, नवे यीस्ट न घालता मिसळला की चार ते सहा तासांत तेही पीठ फुगते. खरा दाखला इथे सुरू होतो, कारण मुलांना दिसते की हे कोणाकडून तरी घेतलेले आणि पुढे देण्याचे आहे.

ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, घरांत तर पुडीचीही गरज नव्हती. फुग्यांचे (तळलेल्या गोल पावांचे) पीठ पूर्वी माडीवर आंबवत. माडाचा रस उतरवल्यापासून काही तासांतच आंबू लागतो. सकाळची माडी गोडसर, संध्याकाळची कडक, आणि पुढे तिचा शिर्का होतो. म्हणून पीठ कधी भिजवायचे हे घड्याळापेक्षा माडीवर ठरे. आज यीस्ट घालून करताना अर्धा किलो मैद्याला 5 ते 6 ग्रॅम यीस्ट, एक-दोन अंडी, वाटीभर नारळाचे दूध, थोडी साखर आणि मीठ घेतात. पीठ सैल हवे, ओल्या मुठीतून अंगठ्याजवळून पिळून तेलात सोडता येईल इतके. तेल फार तापले तर बाहेरून तांबूस आणि आत कच्चे, आणि पीठ पुरते फुगले नसेल तर आत गोळा राहतो.

खमिराबद्दल आणखी एक. मिस्सेतली ओस्त (उपासनेत वाटली जाणारी पवित्र भाकर) फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी यांची, बेखमीर. रोमन कॅथलिक चर्चचा तसा कायदा आहे. मीठ नाही, तेल नाही. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र खमिराची भाकर वापरतात. एका परंपरेला वल्हांडण दिसतो, दुसरीला पुनरुत्थानाचा जिवंतपणा. त्यावरून वाद घालणाऱ्यांनी लेवीय 23:17 काढून वाचावे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी देवापुढे आणायच्या दोन भाकरी खमिराच्याच असाव्यात असे तिथे सांगितले आहे.

आता मीठ. ‘मिठाचा खारटपणा गेला तर’ या वचनावर (मत्तय 5:13) बोलताना मीठ उघडे ठेवले की त्याची चव उडते असे सर्रास सांगितले जाते. घरातले पाकिटातले मीठ दहा वर्षांनीही खारटच लागते. ओलसर हवेत त्याचा गोळा होतो, त्यापलीकडे काही नाही. मग वचन खोटे का? नाही, कारण ते मीठ शुद्ध नव्हते.

भांडुप-मुलुंडकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. आटताना आधी जिप्सम तळाला बसते. पाण्याची घनता साधारण 25 बोमे अंशांवर (बोमे हे द्रवाची घनता मोजायचे माप) गेली की मीठ खडे धरते, आणि 29-30 च्या पुढे मॅग्नेशियमचे कडू क्षार येऊ लागतात, म्हणून उरलेले पाणी सोडून देतात. आगऱ्यांचे सगळे कसब कधी थांबायचे आणि काय मागे सोडायचे यात आहे. मृत समुद्राच्या काठचे मीठ असे निवडून काढलेले नसे. त्यात माती, जिप्सम सगळेच मिसळलेले. 100 मिलिलिटर पाण्यात मीठ 36 ग्रॅमपर्यंत विरघळते, जिप्सम जेमतेम पाव ग्रॅम. ढिगाऱ्यावर पाऊस पडला की मीठ वाहून जाते आणि मागे दिसायला तेवढाच पांढरा, पण बेचव चुरा राहतो. तो शेतातही टाकता येत नाही, म्हणून रस्त्यावर.

वर्गासाठी याचा सोपा प्रयोग आहे. एक चमचा बारीक मीठ तीन चमचे रव्यात मिसळा, मलमलच्या फडक्यावर ठेवा आणि वरून दोन पेले पाणी हळूहळू ओता. फडक्यात पांढरा ऐवज तसाच दिसतो, चाखला तर फिका. खडू किंवा प्लास्टर वापरू नये, मुले चाखतातच. मीठ बिघडले नाही, ते निघून गेले आणि आकार तेवढा उरला, हे मूल स्वतःच सांगते. मग नाव, क्रूस, सणाचे कपडे सगळे जागेवर असूनही काय वाहून गेलेले असू शकते, या चर्चेला फार वेळ लागत नाही. आणि मिठाचे काम नुसते चवीचे नाही: किलोभर मैद्याला 18 ते 20 ग्रॅम मीठ यीस्टची घाई आवरते आणि पीठ घट्ट धरते. मीठ विसरले तर पाव भराभर फुगून बसतो.

आमच्या मते स्वयंपाकघरातला सर्वांत नेमका दाखला जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचा आहे, आणि तो जवळपास कोणी वापरत नाही. सातव्या अध्यायात तो एफ्राइमाला (इस्राएलाच्या उत्तरेकडच्या राज्याला) न उलथलेली भाकर म्हणतो. तांदळाची भाकरी करणाऱ्याला याचा अर्थ विचारा. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, उकड झाकून पाच-दहा मिनिटे, मग गरम असतानाच मळायचे. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवायचे आणि ते पुरते सुकण्याआधी उलथायची. उशीर झाला तर वरची बाजू तडकते, मग भाकरी फुगत नाही. मुळीच उलथली नाही तर खालून कोळसा आणि वर कच्चे पीठ.

लक्षात घ्या, अशा भाकरीला विस्तव कमी पडलेला नसतो, उलट जास्तच लागलेला असतो, पण एकाच बाजूने. प्रवचनात याचा अर्थ ‘श्रद्धा थंड झाली’ असा लावतात आणि आणखी प्रार्थना करा असे सांगतात. आच वाढवली तर जळलेली बाजू आणखी जळेल. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चुकत नाही, सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा चुकत नाही, आणि घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार मात्र दोन महिने थकलेला, ही न उलथलेली भाकर. होशेय आच वाढवायला सांगत नाही. त्याच अध्यायात भटारी कणीक मळल्यापासून ती फुगेपर्यंत भट्टी ढवळत नाही, हेही त्याने टिपले आहे. लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणाऱ्या मुंबईतल्या कोणत्याही कारागिराला ते पटेल: जाळ बसू द्यायचा, विटांनी उष्णता धरली की मगच लादी आत. भडकत्या जाळात पाव वरून काळा होतो.

मोहरीबद्दल एकच सूचना. ‘तापल्यावरच मोहरी तडतडते, तसा माणूस संकटात उजळतो’ हे फार लोकप्रिय आहे, पण दाखल्यातली मोहरी पेरलेली आहे. फोडणीत पडलेली मोहरी उगवत नाही.

पुरवणीत असे लेख छापताना ते एखाद्या रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आधी वाचायला द्यावेत, ही विनंती. धर्मशिक्षण वर्गांना काही व्यावहारिक गोष्टी: वर्ग पाऊण तासाचा असतो, म्हणून फुगलेले पीठ घरून तयार आणावे आणि मुलांसमोर दुसरे मळावे. मैदा अंगाला न सोसणारी मुले असतात, पालकांना आधी विचारावे. आणि 50 ग्रॅमचा गोळा प्रत्येकाला घरी न्यायला देताना डबा निम्म्याहून जास्त रिकामा ठेवावा आणि झाकण सैल असावे. घट्ट झाकण लोकलमध्येच उडते. त्याच संध्याकाळी वापरायचा नसेल तर गोळा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावा.

कळावे,
धर्मशिक्षण वर्गाच्या काही शिक्षिका
वांद्रे, मुंबई